दुलारे कटियारांची शिल्लक

कानपूरच्या डॉक्टरीणबाईंनी गाईचं चित्र दाखवलं.
दुलारे कटियार म्हणाले, ‘अच्छा.’
किल्लीचं दाखवलं. ‘अच्छा, अच्छा.’
मग शेजारी बसलेल्या कुसमाकडे बोट केलं, या कोण?
बराच वेळ पाहिलं त्यांनी तिच्याकडे.
घशात एक नाव चढलं, अर्ध्यावरून घसरलं,
आणि बाहेर आलं: ‘अरे!’

डोक्यात डावीकडे रक्त गोठलंय, बाई म्हणाल्या,
नावं गेली, आकडे गेले.
विचार न करता जे तोंडातून निघतं
तेवढंच उरतं कधीकधी.
त्यांनी यादी केली कागदावर:
अरे. अच्छा. राम-राम. धत्. वाह. और. बस.
कुसमाने ती दोनदा वाचून घेतली पुत्तनकडून.
‘चाळीस वर्षं एवढ्यावरच तर संसार केलाय यांनी.’

कन्नौजात पहाटे गुलाब येतो
गंगेकाठच्या गावांतून, सायकलीवर, ओल्या गोणपाटात.
अंधारातूनच कुणी हाक देतो, ‘राम-राम, भइया!’
‘राम-राम!’ म्हणतात दुलारे,
इतकं ठणठणीत, इतकं अखंड,
की नवखा शेतकरी गोणी उतरवून भाव विचारतो.
मग दुलारे कोपरापर्यंत हात घालतात फुलांत.
‘धत्’ म्हणजे वजनासाठी पाणी मारलंयस.
‘वाह’ म्हणजे पुरा भाव.
मधल्या भावाला शब्द नाही,
तो कुसमा आतून ओरडून सांगते.

एका रात्री पुत्तनला भट्टीपाशी डुलकी लागली.
तांब्याचं देग तापत गेलं,
वासाला जळकी कड आली.
खाटेवरून दुलारे म्हणाले, अरे.
मग, अरे अरे.
पहिल्यात नुसती शंका होती,
दुसऱ्यात मालक,
आणि तिसऱ्यांदा ते जे ओरडले
त्यात भोवऱ्यात सापडलेलं सात वर्षांचं पोर होतं.
पुत्तन उठला, विस्तव ओढला, ओलं पोतं फेकलं.
अर्धा माल वाचला.
‘धत्,’ दुलारे म्हणाले, आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

संध्याकाळी इश्तियाक येतो, अत्तराच्या चामडी कुप्प्या शिवणारा.
‘और, दुलारे?’
और म्हणजे नुसतं आणि.
माणूस माणसाला भेटतो आणि विचारतो, आणि?
जणू काल रात्री एक वाक्य
उंबऱ्यावर चपलांशेजारी काढून ठेवलं होतं,
तेच आज पायात घालायचं.
‘बस,’ दुलारे म्हणतात.
पूर्वी या दोहोंमध्ये तासभर जायचा:
चंदनाचा भाव, जावयाची नोकरी, कुणाची म्हैस.
आता तो तासभर इश्तियाकच बोलतो,
दोघांच्याही वाटचं.
कधी दुलारेंच्या बाजूने स्वतःशी भांडतो, आणि हरतो.

एका संध्याकाळी तो उशिरा आला.
और नाही, दुलारे नाही.
नखांत माती होती.
दुपारी धाकट्या भावाला ठेवून आला होता.

दुलारेंनी आपल्या सात शब्दांत हात घातला, कोपरापर्यंत.
अच्छा? नाही.
राम-राम ओठांपर्यंत आलं, ते त्यांनी गिळलं.
बस, हे तर म्हणायचंच नव्हतं कुणी.
मग ते खाटेवर सरकले,
डाव्या हाताने निर्जीव उजवा उचलून मांडीवर घेतला,
जागा केली,
आणि अगदी हळू विचारलं,
‘और?’

इश्तियाक सांगत राहिला.
भावाने लहानपणी चोरलेला पतंग,
त्याची उधारी, त्याचं घोरणं.
थांबला की पुन्हा, और?
कुसमाने दोनदा चहा आणला, दोन्ही वेळा साय धरली त्यावर.
आत पुत्तनने जाळ कमी केला, आज गुलाबाला घाई नव्हती.

रात्री कधीतरी इश्तियाक उठला.
तिकडे निघतानाही जो शब्द म्हणतात, तोच म्हणाला:
‘अच्छा.’
‘अच्छा,’ म्हणाले दुलारे.
गाय ओळखल्यासारखं नाही.